वीस माणसांचं ऑफिस

मी सध्या ज्या कंपनीत आहे ती चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून मी रडगाणं गातेय असं कुणाला वाटायला नको. हैदराबादेत काचेच्या इमारतीत ऑफिस आहे. सुट्टी हवी असेल तर फोनवर मागायची, दुपारपर्यंत मंजूर होते. साहेब आवाज चढवत नाही. सोमवारी ठरलेलं काम शुक्रवारीही तेच असतं. कामाचं असंही असू शकतं हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. त्याआधी मी चंद्रपूरच्या त्या ऑफिसात होते, आणि तिथे सोमवारचं काम मंगळवारी जिवंत दिसलं तरी आम्ही एकमेकांना टाळी द्यायचो.

तरी मला तेच ऑफिस आठवतं. चांगल्या कंपनीच्या चांगल्या खुर्चीवर बसून त्या मोडक्या कारभाराची आठवण येते, आणि मग माझा मलाच राग येतो.

मूल रोडवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, त्याच्या वर आम्ही. जिन्यात ग्रीसचा वास, वर एक लांबलचक हॉल आणि हॉलभर कॉम्प्युटर. खिडकी उघडली की टेबलांवर कोळशाची काळी धूळ बसायची. चंद्रपुरात त्याचं कुणाला काही वाटत नाही; फडकं मारायचं आणि कामाला लागायचं. कॉम्प्युटर वीस होते आणि आम्ही माणसं सात. मालकाने आधी यंत्रं घेतली होती, माणसांचा विचार नंतर केला. पुढे जे काही झालं ते बहुतेक याच सवयीमुळे झालं.

हे ऑफिस चालावं असं मालकापेक्षा मला जास्त वाटत होतं. माझं गाव सावली या तालुक्याच्या गावाजवळचं. घरी थोडं धान, बाकी सगळी भिस्त गावच्या तलावावर: मासोळी, झिंगे, दिवाळीच्या सुमाराला शिंगाडे. धान निघालं आणि तलावाचं पाणी उतरायला लागलं की आईबाबा मिरची तोडायला तेलंगणात जात. आमच्याकडची गावंच्या गावं जातात. मी आणि धाकटा भाऊ मोठ्या आईकडे, म्हणजे थोरल्या काकूकडे, राहायचो. होळीला पोरं पळसाच्या फुलांचा रंग करत असायची आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसलेली असायचे, कारण या वर्षी आईबाबांची जीप होळीच्या आधी येणार असं कुणीतरी म्हणालेलं असायचं. ती कधीच होळीच्या आधी आली नाही. आईच्या हातांची मिरचीने इतकी आग होत असायची, की आल्या आल्या ती मला कोपरांनी जवळ घ्यायची. मोठी होऊन मी काय वाट्टेल ते करीन, पण गाव सोडून जाणाऱ्यांच्या जीपमध्ये बसणार नाही, हे माझं तेव्हाच ठरलं.

इंजिनिअर झाले तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी पुण्याच्या बॅगा भरल्या. मी चंद्रपुरात शोधत राहिले आणि मला हे ऑफिस सापडलं. आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी दुपारी सावलीकडची एसटी पकडायची. मूल गावाच्या अलीकडे जंगलात गाडी मध्येच थांबायची, ड्रायव्हर म्हणायचा, "जाऊ द्या त्याले आधी," आणि वाघोबा रस्ता ओलांडून पलीकडच्या बांबूत शिरला की गाडी पुढे निघायची. दिवस असतानाच मी घरी. पुण्यातल्या मैत्रिणी मला मूर्ख म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, म्हणा बाई, तुम्हाला आज रात्री आईच्या हातचे झिंगे मिळणार आहेत का?

आमचा मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, हा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. घरची राइस मिल होती. आमचे पगार त्या मिलमधून वेळेवर यायचे. पुण्यात काही वर्षं नोकरी करून ते परत आले होते, आणि आपल्या भागातल्या पोरांना आपल्याच भागात काम मिळालं पाहिजे, असं त्यांना खरोखर वाटायचं. हे बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि ऐकताना माझेही. फक्त ते काम कोणतं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

रविवारी त्यांना जो कुणी भेटेल, त्याच्या धंद्याचं सॉफ्टवेअर आम्ही सोमवारी सुरू करायचो. घुग्घुसचा ट्रकवाला भेटला की कोळशाच्या ट्रकांचं. एखादा डॉक्टर भेटला की दवाखान्याचं. एकदा लग्नाला जाऊन आले आणि केटरिंगचं सुरू केलं; बुंदीला किती तेल लागतं हे आम्ही दोन दिवस शिकत होतो. "मग ट्रकचं काय करायचं, सर?" विचारलं की म्हणायचे, "ते राहू दे, ते होऊन जाईल." ते कधीच होऊन गेलं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, असा सगळा संसार.

पण माणसं! आमच्यातला सगळ्यात जुना माणूस कुरखेड्याचा होता, त्याला सगळे भाऊ म्हणायचे. त्याच्या तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. फोनवर क्लायंट असला की थुंकायला जाता येत नसे, म्हणून तो मान हलवून नुसतं "हं" म्हणायचा, आणि क्लायंटला वाटायचं, केवढा विचारी माणूस आहे. दुसरी माझी मैत्रीण, घुग्घुसची. वडील खाणीत शिफ्टवर, त्यामुळे घरात हळू बोलायची शिस्त. ती सगळी कसर ती ऑफिसात भरून काढायची. आम्ही केलेल्या कामातल्या चुका शोधणं हे तिचं काम होतं, आणि चूक सापडली की ती ट्रॅक्टरच्या दुकानापर्यंत ऐकू जायची. दुपारी आम्ही खाली चटई टाकून डबे उघडायचो. कुणाची भाजी कुणाच्या डब्यात गेली याचा हिशेब नसायचा. काम धड नव्हतं म्हणून आम्ही एकमेकांना धरून होतो की काय कोण जाणे. आता सगळं धड आहे, तर जेवताना प्रत्येक जण फोनमध्ये बघत जेवतो.

आणि आमच्याकडे भरती असायची. बाहेरगावचा मोठा क्लायंट यायचा असला, की सर आदल्या दिवशी हळूच म्हणायचे, "उद्या भरती करावी लागेल." म्हणजे रिकाम्या तेरा खुर्च्यांवर माणसं बसवायची. फोनवर सरांनी नेहमी "वीस जणांची टीम" असं सांगितलेलं असायचं. मग शेजारच्या टायपिंग क्लासची मुलंमुली यायची, मिलचा दिवाणजी यायचा, सरांचा मेहुणा यायचा. माझी मैत्रीण पंगत बसवावी तशी त्यांना बसवायची: चष्मेवाले पुढे, हसणारे मागे. सगळ्यांच्या पडद्यावर आमचाच जुना कोड उघडून ठेवायचा. सूचना दोनच, मान वर करायची नाही आणि काही विचारलं तर भाऊकडे बोट दाखवायचं. क्लायंट हॉलमधून चक्कर मारायचा, दिवाणजी गंभीर तोंडाने एकच बटण दाबत बसायचा, आणि आम्ही गालाला आतून चावत हसू आवरायचो.

एका दिवाळीनंतर सरांचे वडील पहिल्यांदा जिना चढून वर आले. हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथी पोते चांगले बसतीन."

सर हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला खरं सांगितलं. हैदराबादची एक पार्टी येणार होती, शेतमालाच्या बाजारांचं मोठं काम घेऊन. ते काम मिळालं तर ऑफिस राहील, नाहीतर होळीनंतर इथे धानाची पोती. मी खोलीवर गेले आणि मला जेवण गेलं नाही. ऑफिस बंद म्हणजे माझ्यापुढे पुणं, नागपूर, नाहीतर आणखी कुठली जीप. मी देवाला फार त्रास देत नाही, पण त्या आठवड्यात दिला.

हैदराबादचा माणूस यायच्या दिवशी नेमकी टायपिंगची परीक्षा होती. क्लासमधलं कुणीच येणार नव्हतं. सरांनी मिलमधून हमाल आणायचं काढलं; भाऊने खर्रा थुंकून येऊन साफ नाही म्हटलं. पाहुण्याची गाडी बल्लारपूर सोडून पुढे आल्याचा फोन आला, आणि त्याच वेळी जिन्यावरून माझे बाबा वर आले. खांद्यावर दुपट्टा, हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. शिंगाडे विकायला चंद्रपूरला आले होते, माझ्यासाठी उरवून ठेवलेले द्यायला वर चढले.

सरांनी त्यांना पाहिलं. मला सरांचं डोकं कुठे चाललंय हे कळलं आणि मी म्हणाले, "सर, नाही."

"काका," सर म्हणाले, "थोडा वेळ बसता का इथे? तुमच्याच पोरीचं काम आहे."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "बसतो ना," ते म्हणाले. "बसाले काय होते?"

सरांनी आपला कोट काढून त्यांना घातला. जाळं फेकून फेकून रुंद झालेल्या खांद्यांवर तो चढेना. मैत्रिणीने मागून ओढून चढवला. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बाबा बसले. मला सरांचा असा राग आला होता की हातातला माऊस फेकून मारावा. आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, मला फार बरंही वाटत होतं. माझे बाबा माझ्या ऑफिसात माझ्या शेजारी बसले होते. असं कधी होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"काय करू?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नको करू, बाबा. फक्त पडद्याकडे पाहत राह्य."

"तेवढं येते मले," ते म्हणाले. "पाण्याकडे पाह्यतच अस्तो ना दिवसभर."

हैदराबादचा माणूस आला. उंच, सावळा, थकलेला. हॉलमधून चालला, बाकीची टीम बाहेर कामावर गेली आहे हे सरांकडून ऐकलं, भाऊचं "हं" ऐकलं, पुढे आला. बाबांच्या खुर्चीपाशी येऊन मागे असलेल्या आपल्या माणसाशी तेलुगूत काही बोलला. आणि मान वर करायची नाही ही सूचना माझ्या बाबांना देणं राहूनच गेलं होतं. त्यांनी मान वर केली आणि तोंडभर हसून म्हणाले, "बागुन्नारा?"

बरे आहात ना, असा त्याचा अर्थ. मिरचीच्या शेतात इतकी वर्षं काढून बाबांना जे तेलुगू आलं होतं ते सगळं खाण्यापिण्याचं आणि ख्यालीखुशालीचं होतं. तो माणूस थांबला. त्याचा थकलेला चेहरा पार बदलला. त्याने तेलुगूत काही विचारलं, बाबांनी काही सांगितलं, दोघंही हसले. सर पांढरे पडले होते. माझ्या मैत्रिणीने प्रसंग ओळखून शिंगाड्यांची पिशवी मध्ये सरकवली. "तिनंडी," बाबा म्हणाले, खा म्हणून. त्या माणसाने माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून शिंगाडे सोलून खाल्ले, काळ्या झालेल्या बोटांनी.

"ये हमारे सीनियर हैं," सरांना वाचा फुटली. "तेलंगणा का पूरा काम यही संभालते थे."

त्या दिवशी सरांनी पाहुण्याला सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत तेवढीच एक खरी होती.

जाताना बाबा मला म्हणाले, "तुमचं काम चांगलं हाये वं. उनात नाई, सावलीत हाये." एसटीत बसेपर्यंत ते कोटाबद्दल बोलत होते.

पुढच्या आठवड्यात सर पेढ्यांचा डबा घेऊन दोन दोन पायऱ्या चढत वर आले. काम मिळालं होतं. मैत्रिणीने किंचाळून मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मनात म्हणत होते, राहिलं, राहिलं, माझं घर राहिलं. मग सर म्हणाले, "आणि ऐका तर खरं! ते म्हणाले, तुमच्या माणसांना आमच्या माणसांशी बोलता येतं. अशी टीम चंद्रपुरात ठेवून काय करता? आमच्याच ऑफिसात येऊन बसा. अख्खी टीम हैदराबादला!"

मैत्रिणीची मिठी सैल झाली. मी विचारलं, "आणि हे ऑफिस, सर?"

"हे?" त्यांनी हॉलकडे पाहिलं, जणू तो त्यांना आत्ताच दिसला. "हे कशाला लागतं आता? इथे पोती राहतील."

आमच्यापैकी कुणाला जायचं नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चिडायचं कुणावर? भाऊने पेढा कीबोर्डवर ठेवला, आपला जेवणाचा डबा उचलला आणि कुरखेड्याची गाडी पकडली. तो आता तिथे लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. मैत्रिणीला घरून परवानगी मिळाली नाही. मीही नाही म्हणणारच होते. शनिवारी गावी गेले ते तेवढ्यासाठीच.

बाबा तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसले होते. मी सांगायला सुरुवात केली आणि हैदराबाद म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा फुलला. "मी बोललो ना त्याच्यासंग," ते म्हणाले. "मानूस चांगला हाये. मले वाटलंच होतं, हा माझ्या पोरीले घेऊन जाईन."

"बाबा, मले नाई जायचं."

"काऊन?"

मी रडायला लागले. एवढी मोठी झाले होते, तरी मला तो होळीचा रस्ता दिसायला लागला होता. बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. "आमी गेलो त मिरची तोडाले गेलो, माय," ते म्हणाले. "तू त खुर्चीवर बसाले चालली. जा. तुया हाताची आग नाई होनार."

मी डोळे पुसून हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी गावभर सांगूनही टाकलं की हैदराबादचा साहेब त्यांच्याशी बोलून पोरीला घेऊन चालला. त्यांच्या त्या एका "बागुन्नारा"मुळे ऑफिस उठलं आणि मी उठले, हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

हैदराबादेत सरांचं पितळ लवकरच उघडं पडलं. वीस खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि आम्ही गेलो चौघं. सर रोज नवीन कारण सांगायचे. शेवटी त्या उंच माणसाने काम काढून घेतलं, पण मला ठेवून घेतलं. एकदा त्याने "सीनियर" कसे आहेत म्हणून विचारलं. तेव्हा मी खरं सांगितलं. तो खूप वेळ हसत राहिला आणि मग घरचं सांगू लागला. त्याच्या आईवडिलांची मिरचीची शेती होती, खम्ममकडे.

तर मी इथे आहे. हाताची आग होत नाही, बाबांचं खरं ठरलं. पण शनिवारी दुपारी जीव कासावीस होतो. इथे कुणाचा बाप पिशवी घेऊन सरळ वर येऊ शकत नाही. खाली फोटो काढतात, पास देतात, आणि वर कुणाला भेटायचं ते आधी सांगावं लागतं. बाबा फोनवर विचारतात, "मानसं कमी पडले त सांगजो. येतो मी बसाले." मी हसते. फोन ठेवला की रडते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. कधी कधी वाटतं, इथेही एखाद्या दिवशी काहीतरी बिघडावं, खुर्च्या रिकाम्या पडाव्यात, कुणीतरी घाबरून धावत सुटावं. पण इथे काही बिघडत नाही.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज तोच, भरून आलेला. चंद्रपुरात पुन्हा ऑफिस टाकतोय, म्हणाले. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या व्यापाराचं सॉफ्टवेअर, अजून कुणी केलेलं नाही. वडिलांनी जागा द्यायचं कबूल केलंय. आपल्या पोरांना आपल्याच भागात काम मिळालं पाहिजे. या वेळी पक्कं.

"टीम तयार आहे," ते म्हणाले. "वीस जण आहेत."

मी खिडकीपाशी उभी होते. मला सर माहीत आहेत. वडिलांनी काही कबूल केलं नसणार, मोहाचा व्यापारी रविवारी कुठेतरी भेटला असणार, आणि वीस म्हणजे किती हे माझ्याइतकं कुणाला कळतं? त्यांनी बोलणं संपवलं. मी नम्रपणे नाही म्हणायला तोंड उघडलं.

"कधीपासून, सर?" मी विचारलं.